गावातला महायुद्धाचा फलक: नोंद, सफाई आणि नावांचा शोध कोणत्या क्रमाने करायचा

पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात अनेक गावांत चावडीच्या, शाळेच्या नाहीतर देवळाच्या भिंतीत एक छोटा संगमरवरी फलक बसवलेला दिसतो. या गावातून इतके लोक १९१४–१९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतके कामी आले, एवढाच मजकूर. नावं बहुधा नसतात, फक्त आकडे असतात.

१५ ऑगस्ट किंवा २६ जानेवारी जवळ आली की एनएसएसची मुलं, एनसीसीचे कॅडेट किंवा गावचं तरुण मंडळ या फलकाकडे वळतं. हेतू उत्तमच असतो. पण सुरुवात होते बादली, तारेचा ब्रश आणि काळा ऑइलपेंट यांनी. दुपारपर्यंत फलक चकाचक होतो आणि मजकुरातला इंग्रजी तीन कायमचा आठ होऊन बसतो, कारण रंगवणाऱ्याला झिजलेला आकडा तसा दिसला. शंभर वर्षांच्या पावसाने जितकं नुकसान केलं नाही, तितकं अशा एका दिवसात होतं. म्हणून खालचा क्रम पाळा. पाणी सहाव्या टप्प्यावर येतं, त्याआधी नाही.

## टप्पा १ : परवानगी आणि पिशवी

भिंत कोणाची आहे ते आधी शोधा. शाळा जिल्हा परिषदेची असते, चावडी बहुधा महसूल खात्याची किंवा ग्रामपंचायतीची, देऊळ ट्रस्टचं. सरपंच "करा की" म्हणाले ही परवानगी नव्हे. ज्यांची भिंत त्यांचं लेखी पत्र घ्या आणि ग्रामपंचायतीलाही प्रत द्या. पत्रात तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहा: फोटो व नोंद, फक्त पाण्याने सफाई, आणि दुरुस्ती किंवा रंग नाही. तिसरी ओळ तुमच्या बचावासाठी आहे. काम चालू असताना कोणीतरी येऊन "जरा अक्षरं पण रंगवून टाका" म्हणणारच.

फलक किंवा त्याची इमारत संरक्षित स्मारकात येते का, हेही विचारून घ्या. केंद्राचा १९५८ चा कायदा किंवा राज्याचा १९६० चा कायदा लागू असेल, तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय ओला स्पंजसुद्धा लावायचा नाही. छावणी हद्दीत फोटोलाही लष्कराची परवानगी लागू शकते, ती विचारून घ्या. खडकी किंवा देवळालीसारख्या युद्धदफनभूमींमधल्या शिळांची देखभाल राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाचे (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन) माळी आणि कारागीर करतात. तिथे स्वयंसेवकांनी शिळा धुवायला जाऊ नये.

चमू पाच-सहा जणांचा पुरे. एकजण फोटोला, एक नोंदवहीला, दोघं मजकूर वाचायला, एक गावकऱ्यांशी बोलायला. हा शेवटचा माणूस सर्वांत महत्त्वाचा आणि तो नेमका ठरवायचा राहून जातो. मग फोटो काढणाऱ्यालाच आजोबांना उत्तरं द्यावी लागतात आणि दोन्ही कामं अर्धवट राहतात.

पिशवीत हे ठेवा: मोजपट्टी, फोटोत ठेवायला १५ सेंटीमीटरची पट्टी, टॉर्च (शक्यतो दोन), काळं कापड किंवा छत्री, पेन्सिल, नोंदवही, मऊ नायलॉनचे दोन-तीन ब्रश, स्वच्छ स्पंज, फवारणीची बाटली, बांबूच्या कामट्या, प्लास्टिकच्या बादल्या. लोखंडाची वस्तू एकही नको. लोखंडी बादलीच्या बुडाचा गंज ओल्या संगमरवरावर डाग ठेवतो आणि तो डाग तुमच्याच्याने निघत नाही.

सावध: अ‍ॅसिड, टॉयलेट क्लीनर, ब्लीच, धुण्याचा सोडा, भांडी घासायची पावडर, लिंबू, व्हिनेगर, चुन्याची निवळी, घासकागद, प्रेशर पंप यांपैकी काही कोणी बरोबर आणलं असेल तर ते गाडीतच राहू द्या. फलकाजवळ असलं की वापरलं जातं.

## टप्पा २ : हात न लावता पाहणी

पहिला अर्धा तास फक्त बघा. दगड कोणता? महायुद्धाचे बरेचसे फलक पांढऱ्या संगमरवराचे आहेत, पण काळ्या पाषाणातलेही असतात. अक्षरं कोरून रिकामी ठेवली आहेत, काळ्या रंगाने भरली आहेत, की शिशाने? शिशाची अक्षरं मळकट करडी आणि दगडाच्या पातळीला सपाट दिसतात. ती दगडात पाडलेल्या बारीक भोकांच्या आधाराने धरलेली असतात. शिसं गळून पडलं तरी भोकं राहतात आणि त्यांच्या मांडणीवरून अक्षर ओळखता येतं. म्हणून "घाण भरलेली भोकं" सिमेंटने बुजवणं म्हणजे उरलेला पुरावा बुजवणं.

मग भिंतीकडे बघा. फलकाभोवती सिमेंटचा गिलावा आहे का? सिमेंट ओल बाहेर सोडत नाही. ती ओल दगडातून वाट काढते आणि मागे पांढरे क्षार ठेवते. वरून पन्हळीचं पाणी पडतं का? खिळा, लोखंडी पट्टी, वायर, विजेचा मीटर फलकाला टेकलाय का? यांतलं प्रत्येक कारण वहीत लिहा. कारण तसंच राहिलं, तर सफाईनंतर दोन पावसाळ्यांत फलक पुन्हा पहिल्यासारखा होतो.

फलक मिळतच नसेल तर गावात विचारा की जुनी शाळा किंवा चावडी कधी पाडली. अशा वेळी फलक नव्या इमारतीच्या अडगळीत किंवा आवारात उलटा टेकवून ठेवलेला असू शकतो. सापडला तर उचलण्याआधी आहे त्या जागेचा फोटो घ्या.

तपासा: बोटाने अगदी हलकं टेकून पाहा. साखरेसारखे कण बोटाला लागले, तर संगमरवराचा पृष्ठभाग सुटत चालला आहे. बोटाच्या पेराने कडेला हलकं वाजवा. पोकळ आवाज आला, तर फलक भिंतीपासून सुटलाय. दोन्हींपैकी एक जरी आढळलं तर सफाई रद्द. फोटो आणि नोंद करून थांबा.

## टप्पा ३ : फोटो

सपाट उन्हात समोरून काढलेल्या फोटोत झिजलेली अक्षरं दिसत नाहीत. कॅमेऱ्यात दोष नसतो, उजेड चुकीच्या दिशेने येत असतो.

आधी तीन साधे फोटो: परिसरासह इमारत, भिंतीसह फलक, आणि फक्त फलक. तिसऱ्यात कॅमेरा फलकाला अगदी समांतर धरा आणि १५ सेंटीमीटरची पट्टी खालच्या कडेला ठेवा. पट्टी चिकटवायची नाही, कोणीतरी हाताने धरायची.

नंतर तिरपा उजेड. काळ्या कापडाने किंवा छत्रीने फलकावर सावली करा. टॉर्च डाव्या कडेला दगडाच्या जवळजवळ टेकून धरा, म्हणजे उजेड दगडावरून घसरत जाईल. दगड आणि उजेड यांच्यातला कोन दहा-पंधरा अंशांपेक्षा जास्त नको. कोरीव रेषेच्या एका काठावर सावली पडते आणि मघाशी कोरी वाटलेली ओळ उठून येते. एक फोटो घ्या. मग उजवीकडून, वरून आणि खालून, असे चार. चारही लागतात, कारण उभी रेघ बाजूच्या उजेडात दिसते आणि आडवी वरच्या-खालच्या. डावीकडून तीन वाटणारा आकडा वरून उजेड टाकल्यावर आठ ठरतो, किंवा उलट. आकड्यांचे चारही बाजूंनी जवळून वेगळे फोटो घ्या. अख्ख्या फलकावर खरी माहिती म्हणजे ते दोन आकडेच.

सावध: अक्षरं उठावीत म्हणून खडू, पीठ, रांगोळी, राख, हळद, शेव्हिंग फोम, काहीही चोळू नका. बारीक भुकटी संगमरवराच्या छिद्रांत बसते, ओल धरते आणि हळद तर जातच नाही. कागदाचा ठसा घेण्याचं कामही प्रशिक्षित माणसाचं आहे.

जागेची नोंद मोबाइलच्या जीपीएसवर करा आणि अक्षांश-रेखांश दशांश चिन्हानंतर पाच अंकांपर्यंत लिहा. एवढ्याने साधारण मीटरभराच्या अंतरापर्यंत जागा कळते. "शाळेजवळ" असं लिहून ठेवलं आणि शाळाच हलली, तर नोंद निकामी.

## टप्पा ४ : मजकूर उतरवून घेणं

दोघांनी, एकमेकांचं न बघता, वेगवेगळ्या कागदांवर मजकूर उतरवायचा. तिसऱ्याने ताडून पाहायचं. जिथे फरक पडेल तिथे पुन्हा टॉर्च.

नियम थोडेच आहेत. फलकावरची ओळ जिथे तुटते तिथे तुमचीही तोडा. पुसट पण ओळखू येणारं अक्षर चौकटी कंसात. अजिबात न दिसणाऱ्या प्रत्येक अक्षराला एक टिंब. स्पेलिंग, गावाचं जुनं नाव, ऱ्हस्व-दीर्घ यांत काहीही सुधारायचं नाही.

सर्वांत जास्त "सुधारली" जाणारी गोष्ट म्हणजे १९१९ हे साल. युद्ध ११ नोव्हेंबर १९१८ ला थांबलं हे पुस्तकात वाचलेलं असतं, म्हणून कोणीतरी नोंदीत १९१८ लिहितं. फलक बरोबर आहे. ११ नोव्हेंबरला युद्धविराम झाला, जर्मनीशी तह २८ जून १९१९ ला झाला.

## टप्पा ५ : धुवायचं की नाही, हे ठरवणं

बहुतेकदा उत्तर "नाही" किंवा "यावर्षी नाही" असं यायला हवं. संगमरवराची प्रत्येक सफाई थोडा दगड घेऊन जाते. फलक वाचता येतो, शेवाळ नाही, फक्त पिवळसर पडलाय, तर तो जुना दिसतोय एवढंच. त्याला पांढराशुभ्र करणं हे काम नव्हे. दर राष्ट्रीय सणाला धुणं तर पूर्ण बंद करा. एकदा नीट धुतलेला फलक पाच-सात वर्षं सहज राहतो.

धुवायचं तेव्हा, जेव्हा शेवाळाने किंवा चिखलाने मजकूर झाकलाय, पक्ष्यांची विष्ठा साचलीय, किंवा तेल-गुलालाचा थर ओल धरतोय.

या प्रसंगी हात लावायचा नाही: कण सुटतायत, तडा गेलाय, शिशाची अक्षरं हलतायत, किंवा आधीच ऑइलपेंट फासलाय. रंग खरवडताना त्याच्याबरोबर दगडाचा वरचा थर येतो. रंग काढणं हे संवर्धकाचंच काम. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र किंवा इंटॅक ही वारसा जपणारी संस्था यांच्याकडे फोटो पाठवून सल्ला मागता येतो. फोटो टप्पा तीनप्रमाणे काढलेले असतील तर काम सोपं होतं.

फलकाला शेंदूर, तेल, हळदकुंकू वाहायची पद्धत असेल तर तिथे वाद घालू नका. समोर दगडी किंवा लाकडी चौरंग ठेवून फुलं-कुंकू तिथे वाहायची विनंती गावातल्या ज्येष्ठांकडून करवून घ्या. बाहेरच्या पोरांनी सांगितलेलं टिकत नाही.

## टप्पा ६ : धुणं

दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारीमधला, वेळ सकाळची, फलकावर ऊन नसताना. गरम दगडावर पाणी चटकन सुकतं आणि मळ तिथेच बसतो. पाणी शक्यतो नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं. बोअरवेलचं जड पाणी सुकल्यावर पांढरा थर ठेवतं. दुसरं मिळत नसेल तर निदान शेवटची धुलाई पिण्याच्या जारच्या पाण्याने करा. नेहमीच्या आकाराच्या फलकाला दोन-तीन बादल्या पुरतात.

१. तळच्या कोपऱ्यात, अक्षर नसलेल्या जागी, पाच सेंटीमीटरचा चौकोन फक्त पाण्याने आणि मऊ ब्रशने धुऊन बघा. एक दिवस सुकू द्या. दगडाचा रंग बदलला, कण सुटले किंवा पांढरी भुकटी दिसली तर थांबा.

२. सगळा फलक फवाऱ्याने भिजवा, खालून वर. वरून सुरुवात केली की घाण पाणी खालच्या कोरड्या दगडात शोषलं जातं आणि ओघळांचे पट्टे कायमचे उमटतात. एवढी एक गोष्ट चुकली तरी आधीपेक्षा वाईट फलक मागे ठेवून याल. दगड पूर्ण भिजलेला राहील याची काळजी शेवटपर्यंत घ्या. एकाने सतत फवारत राहायचं.

३. शेवाळ जाड असेल तर भिजल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा. मग बांबूच्या कामटीने सपाट धरून उचला. कामटीचं टोक खुपसायचं नाही.

४. ब्रश छोट्या गोलांत फिरवा, तळापासून वर. जोर मनगटाचा, खांद्याचा नाही. ब्रशवर पांढरट दुधी पाणी दिसू लागलं तर तो मळ नव्हे, दगड आहे. लगेच थांबा.

५. निव्वळ पाण्याने तेलकट थर गेला नाही तरच साबण: रंग-वास नसलेला, उदासीन, नॉन-आयॉनिक द्रवसाबण, पाच लिटर पाण्याला चहाचा एक चमचा. प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात तो मिळतो. साधी साबणाची वडी किंवा धुण्याची पावडर चालत नाही. त्यांतले क्षार दगडात उरतात.

६. फेस संपेपर्यंत स्वच्छ पाणी. स्पंजने टिपून घ्या, पुसू नका. वाळवायला हीटर, ब्लोअर, पंखा काही नको.

तपासा: आठवड्याने परत जा. कडेला पांढरी भुकटी दिसली तर भिंतीत ओल आहे. पुन्हा धुऊ नका, कोरड्या मऊ ब्रशने झटका आणि पन्हळीचं किंवा गिलाव्याचं कारण ग्रामपंचायतीला लेखी कळवा.

अक्षरांत रंग भरायचा नाही. वाचता येत नसेल तर शेजारी वेगळ्या स्टँडवर मजकुराची छापील प्रत लावा.

## टप्पा ७ : आकड्यांमागची नावं

इथे खरं काम आहे, आणि त्याला महिने लागतात. फलक सांगतो, गेले इतके, कामी आले इतके. कामी आलेल्यांची नावं शोधण्याचं पहिलं ठिकाण म्हणजे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची ऑनलाइन यादी, जी कोणालाही फुकट पाहता येते. परत आलेल्यांची नावं तिथे नसतात, ती कागदपत्रांतून आणि घरांतूनच मिळतात.

सर्वसाधारण चूक अशी, की आडनाव टाकून शोधतात, काही मिळत नाही आणि "आपल्या गावचं कोणी नाही" असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. आडनावाने सुरुवातच करू नका. सेवा "भारतीय सैन्य", युद्ध "पहिलं" निवडा आणि जादा माहितीच्या रकान्यात गावाचं नाव टाका. भारतीय शिपायाच्या नोंदीत पुष्कळदा वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो. गावाचं स्पेलिंग चार-पाच प्रकारे करून बघा: शेवटी "गाव"चा "गांव", "वाडी"चं इंग्रजी दोन तऱ्हांनी, "व"च्या जागी "ब". नावांतही तेच. शिंदेचे सिंदे, जाधवचे जादव किंवा जाधाव, भोसलेचे भोंसले झालेले असतात. लिहिणारा कारकून ऐकून लिहीत होता.

जिल्हा तेव्हाचा टाका. आजचा सांगली जिल्हा तेव्हा मोठ्या भागात साताऱ्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली नाव मिळालं. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा निघाला. रायगड त्याच वर्षापर्यंत कुलाबा होता. खेड म्हटलं तर रत्नागिरीतलं की पुण्यातलं, कोरेगाव म्हटलं तर साताऱ्यातलं की पुण्यातलं, हे तालुका जुळल्याशिवाय ठरवू नका.

पलटणींचे आकडेही फसवतात. १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी १९२२ मध्ये एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली. म्हणून जुन्या कागदावर "११७" आणि नंतरच्या पेन्शनच्या कागदावर "५/५" दिसलं तर दोन माणसं समजू नका: ११७ वीचीच पुढे पाचव्या रेजिमेंटची पाचवी बटालियन झाली. "२/५" हा अपूर्णांक नाही, दुसरी बटालियन, पाचवी रेजिमेंट. "जमादार" हा हुद्दा वाचून कोणी साफसफाईचं काम असा अर्थ लावतं. तो अधिकाऱ्याचा हुद्दा होता, आज त्याला नायब सुभेदार म्हणतात.

घरात "बसऱ्याला गेले ते आले नाहीत" एवढंच माहीत असेल, तर मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकमधली मोहीम धरा. १०३, ११० आणि ११७ या पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या आणि २९ एप्रिल १९१६ ला कुत येथे शरण गेलेल्या फौजेत होत्या. त्यामुळे त्यांतल्या अनेकांचा मृत्यू लढाईत नव्हे, कैदेत झाला. बसऱ्याच्या स्मारकभिंतीचा फोटो मिळवून त्यात नाव शोधू नका. भारतीय शिपायांची नावं तिथे कोरलेली नाहीत, पलटणवार फक्त संख्या आहे. नावं आयोगाच्या नोंदवहीत आहेत.

कोकणातल्या किनाऱ्याच्या गावात सैन्याच्या यादीत माणूस सापडला नाही, तर तो जहाजावर खलाशी असेल. बुडालेल्या भारतीय खलाशांचं स्मारक मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे, त्यांची यादीही आयोगाकडेच आहे. आणि घरात "इटली" म्हणाले तर ते बहुधा दुसरं महायुद्ध. माणगाव तालुक्यातले पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी, १० जुलै १९४४ ला इटलीत पडले. अशी नावं १९१४–१९१९ च्या फलकाच्या यादीत घुसवली की आकडा जुळल्यासारखा वाटतो आणि चूक लपते.

आयोगाच्या लेखी पहिल्या युद्धाचा काळ ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आहे. त्यामुळे १९२० मध्ये आजाराने वारलेला शिपाई यादीत असू शकतो आणि फलकाच्या आकड्यात नसू शकतो. फलकावर पाच आणि यादीत सात, असं झालं तर दोन्ही आकडे लिहा. जुळवायला जाऊ नका.

तपासा: "निश्चित" हा शिक्का दोन स्वतंत्र पुराव्यांशिवाय मारायचा नाही. नाव, वडिलांचं नाव आणि गाव जुळलं, शिवाय पदकाच्या कडेवर ठोकलेलं नाव किंवा पेन्शनचा कागद मिळाला, तर निश्चित. समजा यादीत सखाराम जाधव मिळाला आणि गावात जाधवांची तीस घरं आहेत, तर वडिलांच्या नावाशिवाय ती नोंद "संभाव्य" एवढीच राहते.

## टप्पा ८ : घरोघरी

पूर्ण गाव फिरा. मराठा आळीत दोन दिवस घालवून बौद्धवाडी, मोहल्ला, खारवीवाडा सोडून दिला, तर आकडा कधीच पुरा होणार नाही. मराठा पलटणींच्या पलीकडे १११ वी महार पलटण १९१७ मध्ये उभी राहिली होती, मजूर तुकड्या होत्या, खेचरांचे तांडे होते, डोलीवाले आणि भिस्ती होते. फलकाने सगळ्यांना मोजलंय.

ओळखपत्र गळ्यात घाला आणि पहिल्याच वाक्यात सांगा, "आम्ही सरकारी माणसं नाही, पेन्शन किंवा जमीन मिळवून देऊ शकत नाही." हे नंतर सांगितलं तर लोकांना फसवल्यासारखं वाटतं. पेन्शनचा प्रश्न निघालाच तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा पत्ता द्या.

विचारायचं ते वस्तूंबद्दल. "आजोबांची काही आठवण सांगा" म्हटलं की ऐकीव पराक्रम येतात. "पदक, पितळी बिल्ला, ट्रंक, पेन्शनबुक, फोटो काही आहे का?" म्हटलं की माळा उघडतो. पदक मिळालं तर आधी त्याची कड बघा. नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण तिथे ठोकलेली असते. भिंग आणि तिरपी टॉर्च लागेल. साधारण १२ सेंटीमीटर व्यासाची, सिंह आणि त्रिशूळधारी स्त्री असलेली कांस्याची तबकडी मिळाली, तर तो कामी आलेल्या माणसाच्या घरच्यांना दिलेला स्मृतिबिल्ला. त्यावर नाव असतं, हुद्दा मुद्दाम दिलेला नसतो. पदक किंवा तबकडी चिंचेने, राखेने, पावडरीने उजळायची नाही, आणि घरच्यांनाही तसं सांगा. कडेचं नाव आधी जातं.

मूळ कागद घरातून हलवू नका, अगदी झेरॉक्सपुरताही. स्कॅनर तिथे न्या: कागद ३०० डीपीआय, जुने फोटो ६००. लॅमिनेशन आणि सेलोटेप दोन्ही वर्ज्य. मोडीतला कागद असेल तर अंदाजाने वाचू नका, स्कॅन करून मोडी जाणकाराकडे द्या. गावाकडचे सरकारी कागद हवे असतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, आणि शाळेचं जनरल रजिस्टर पाहायला मागा. परदेशातला मृत्यू कोतवाल बुकात नसण्याची शक्यता जास्त, पण भावंडांची आणि वडिलांची नावं तिथून पक्की होतात.

सावध: आधार कार्ड, पासबुक, सध्याच्या पेन्शनचा आदेश यांचे फोटो काढायचे नाहीत. घरातला कोणी आज सेवेत असेल तर त्याची युनिट, नेमणूक, नंबर कुठेही लिहायचा नाही. १९४७ नंतरच्या युद्धांत किंवा कारवाईत कामी आलेल्या जवानाच्या घरी वीरमाता, वीरपत्नी स्वतः बोलायला लागल्या तर ऐका. मृत्यूचा तपशील खोदून विचारू नका, आणि जाहीर करण्याआधी प्रत्येक ओळ त्यांना वाचून दाखवा.

## टप्पा ९ : नोंद जमा करणं, आणि मगच कार्यक्रम

फाइलची नावं एकाच साच्यात ठेवा: जिल्हा-तालुका-गाव-दिनांक-क्रमांक. मूळ फोटो कापू-सजवू नका, प्रत करून मग काय ते करा. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक गावाबाहेर. छापील संच ग्रामपंचायत, शाळा आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला पोच घेऊन द्या. चमूच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच नोंद ठेवली तर फोटोंचा दर्जा घसरतो आणि पुढच्या वर्षी तो ग्रुप कोणाला सापडत नाही.

नावांचा नवा फलक लावायचा असेल तर जुन्याला भोक पाडून, त्यावर किंवा चिकटून नाही. वेगळ्या चौथऱ्यावर, ग्रामसभेच्या ठरावाने, आणि फक्त "निश्चित" नावांचा. खाली जागा मोकळी सोडा, नावं नंतरही मिळत राहतात. जुन्या फलकाभोवती ग्रॅनाइट टाइल, स्टीलची जाळी, सिमेंटची कमान ही हौस टाळा.

कार्यक्रमात होणारी एक नेहमीची चूक म्हणजे फलकावर तिरंगा अंथरून अनावरण. ध्वजसंहितेनुसार स्मारक झाकायला राष्ट्रध्वज वापरता येत नाही. साधं कापड वापरा, ध्वज शेजारी वेगळा उभारा. पुष्पचक्र फलकाला टेकवायचं नाही, समोरच्या चौरंगावर ठेवायचं आणि फुलं त्याच संध्याकाळी उचलायची. कुजलेल्या झेंडूचा डाग संगमरवरात उतरतो. उदबत्ती आणि पणती हातभर लांब. नावं वाचणार असाल तर वाचणाऱ्याने आदल्या दिवशी त्या-त्या घरी जाऊन उच्चार आणि वडिलांचं नाव विचारून घ्यावं.

निघताना शाळेत एक साधी वही ठेवा: तारीख, फलकाची स्थिती, कोणी पाहिलं. वर्षातून दोनदा, मे अखेरीला आणि दिवाळीनंतर, नववीच्या मुलांनी त्याच जागेवरून एक फोटो काढायचा आणि आधीच्या फोटोशेजारी चिकटवायचा. तडा वाढला, शिशाचं अक्षर गळलं किंवा कोणी रंग फासला, तर याच वहीत ते पहिल्यांदा दिसेल.